पानाच्या घरातील अळी

पावसाळ्यात हळदीच्या वाफ्यापाशी क्षणभर उभे राहा. एखाद्या पानाची कड दुमडून चिकटवलेली दिसेल. ते ‘ग्रास डेमन’ या फुलपाखराच्या अळीचे घर होय. झेपा घेत उडणाऱ्या ‘स्किपर’ कुळातील हे फुलपाखरू. त्याची मादी पानावर एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पानाची कड कातरते, दुमडते आणि तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमी धाग्याने टाचते. अंग वाढले, की नवे घर!

या कुळातील पुष्कळ अळ्या आपली विष्ठा घरात साठू न देता जोराने दूर फेकतात. ही नुसती टापटीप नव्हे. अमेरिकेतील एका स्किपर जातीवरील प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. विष्ठेच्या वासाने गांधीलमाश्या घर हुडकतात व अळीला मारतात, असे त्यांत दिसून आले. ती अळी जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. पण विष्ठा फेकते दीड मीटर!

पूर्ण वाढ झाल्यावर आपली अळी पानाच्या गुंडाळीतच कोशात जाते. त्यातून बाहेर येते ते काळपट तपकिरी फुलपाखरू, मागील पंखांवर मोठा पांढरा डाग असलेले. अर्थात, शेतकरी त्याआधीच तेथे पोहोचला नाही तर. कारण तो अशी पाने अळीसकट खुडून टाकतो.