कोरलेले चेहरे

१७६९ साली कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावरून न्यूझीलंडला पोचलेल्या सिडनी पार्किन्सन या तरुण चित्रकाराने माओरी पुरुषांचे गोंदलेले चेहरे रेखाटले. परतीच्या वाटेवरच तो वारला. त्याच्या चित्रांवरून केलेली कोरीव छापचित्रे १७७३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपला ‘मोको’, म्हणजे माओरींचे हे गोंदण, दिसले. मात्र कागदावरच्या सपाट रेघांतून एक गोष्ट निसटते. मोको सुईने टोचत नसत. अल्बट्रॉस पक्ष्याच्या हाडाच्या छिन्नीने कातडीत चर पाडून त्यात काजळीचा रंग भरत. बोट फिरवले की ते चर हाताला लागत.

या नक्षीत माणसाचे कूळ आणि दर्जा सामावलेला असे. म्हणूनच ते पेही कुपे या सरदाराची हकीकत मला फार मोलाची वाटते. १८२६ च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये जॉन सिल्व्हेस्टर त्याचे चित्र काढत होता, तेव्हा एकही रेघ चुकू नये असा या सरदाराचा आग्रह होता. पुढे त्याने आरशात न पाहता स्वतःचा मोको कागदावर हुबेहूब उतरवला. ते रेखाटन १८३० च्या एका इंग्रजी पुस्तकात छापले गेले. जमिनीच्या करारांवरही काही सरदार सहीऐवजी आपल्या मोकोची नक्षी काढत.