कागदी फुलांची आरास : एका क्रेप कागदात २५ गुलाब निघतात, पण विकायचे असतील तर आधी गणित मांडा

नातेपुते (ता. माळशिरस) : माउलींची पालखी पुढे गेली, बेंदूर झाला की गावागावांत गौरी-गणपतीच्या आराशीची चर्चा सुरू होते. यंदा मखर कसले करायचे, गौरीपुढे काय मांडायचे, बाजारातनं तयार माळा आणायच्या का घरी काही करायचं, हा विषय घरोघरी निघतो. अलीकडे मोबाईलवर कागदी फुलांचे व्हिडिओ बघून बऱ्याच बाया आणि शाळकरी मुली हात चालवून बघतात. पहिली दोन फुले बिघडली की मात्र कात्री बाजूला पडते. व्हिडिओत हात भराभर चालतात आणि कागद कोणत्या बाजूने धरला ते दिसतच नाही. खरी गोम तिथेच आहे.

कागदाची फुले आपल्याकडे नवी नाहीत. नवरा-नवरीच्या बाशिंगाला कागद, बेगड आणि भेंडाची फुले असतात. बेंदराला बैलाच्या कपाळावर जे बाशिंग बांधतात त्यातही रंगीत कागदाची झिरमिळी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाचे फूल प्रत्येकाने केलेले असते. नवे आहे ते एवढेच, की आता त्याला गिऱ्हाईक मिळू लागले आहे.

त्यामागे कायद्याचाही हात आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंसोबत सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. त्या वर्षी गणपतीपुरती सूट मागायला मखर बनवणारे मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण सूट मिळाली नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर ज्या एकल वापराच्या वस्तू बंद केल्या, त्यातही सजावटीचे थर्माकोल आहे. म्हणजे थर्माकोलचे मखर आता कागदोपत्री तरी बंद आहे. दुकानात दिसते ती गोष्ट वेगळी.

प्लास्टिकच्या फुलांचा वाद अजून चालू आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध लावणाऱ्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की सणाच्या तोंडावर प्लास्टिकच्या माळा बाजारात येतात आणि खऱ्या फुलाचा भाव पडतो. २०२५ मध्ये हा विषय विधानसभेतही गाजला. कागदी फूल या भांडणात खऱ्या फुलाच्या विरोधात जात नाही. देवाला वाहायला आणि हाराला खरेच फूल लागते, ते शेतातलेच असावे. कागदाची जागा मागच्या पडद्यावर, कमानीवर आणि तोरणात आहे. तिथे हटवायचे ते प्लास्टिक.

साता समुद्रापार इंग्लंडमध्येही असेच झाले. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी तिथे दर नोव्हेंबरला कोटाला लाल खसखशीचे कागदी फूल लावतात. १९२१ पासूनची ही प्रथा आहे, आणि १९२२ मध्ये ती फुले बनवण्याचे काम युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना मिळाले. मध्यंतरी त्या फुलाला प्लास्टिकचा देठ आला होता. २०२३ मध्ये तो काढून पूर्ण कागदाचे फूल आणले गेले.

सुरुवात गुलाबाने करू नये

नवशिक्याचा हात पहिल्यांदा गुलाबाकडेच जातो आणि तिथेच चुकतं. सगळ्यात सोपे फूल पतंगी कागदाचे. पताकांना वापरतात तो पातळ कागद. २० सेंटीमीटरचे आठ चौकोन एकावर एक ठेवायचे आणि पंख्यासारख्या दोन-दोन सेंटीमीटरच्या उलटसुलट घड्या घालायच्या. पट्टी तयार झाली की मधोमध दोऱ्याने आवळायची. दोन्ही टोके कात्रीने गोल कापायची. मग पंखा उघडून वरचा एकेक थर मध्याकडे हळूच ओढत उभा करायचा. चार थर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. घाई केली की कागद फाटतो, दुसरं काही अवघड नाही. सात-आठ वर्षांचे पोरही हे करते, आणि मोठा पडदा भरायला याच्यासारखे फूल नाही.

दुसरा नंबर झेंडूचा. यासाठी क्रेप कागद घ्यावा. चार सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब पट्टी कापायची. एका कडेने अडीच सेंटीमीटर खोल, बारीक बारीक काप द्यायचे, झालरीसारखे. न कापलेल्या कडेला सुईदोऱ्याने धावदोरा घालून चुण्या ओढायच्या आणि पट्टी गोल गुंडाळत न्यायची. खाली दोरा घट्ट बांधला की झालर बोटांनी बाहेर फुलवायची. पिवळा आणि केशरी कागद एकत्र गुंडाळला तर झेंडू जास्त खरा वाटतो. एक फूल चार-पाच मिनिटांत होते. तोरणाला हेच लागते.

आता गुलाब. क्रेप कागदावर बारीक उभ्या सुरकुत्या असतात. कागद सुरकुत्यांच्या आडव्या दिशेने ताणला जातो, उभ्या दिशेने ताणला जात नाही. पाकळी कापताना सुरकुत्या देठाकडून टोकाकडे, म्हणजे उभ्या आल्या पाहिजेत. तसे असेल तर दोन्ही अंगठ्यांनी मधला भाग रुंदीकडे दाबून पसरवला की पाकळीला वाटीसारखा खोलगट आकार येतो. सुरकुत्या आडव्या आल्या की पाकळी लांबच होते, वाटी होत नाही, आणि फूल वाळल्यासारखे दिसते. दहातली नऊ बिघडलेली फुले याच कारणाने बिघडतात म्हटले तरी चालेल.

गुलाबाला बारा पाकळ्या पुरतात. पाच सेंटीमीटर रुंद, सहा सेंटीमीटर उंच तुकडे कापायचे, वरून बदामासारखे गोल, खाली निमुळते. आतल्या तीन थोड्या लहान, मग चार, मग पाच. तारेच्या टोकाला कापसाची किंवा कागदाची छोटी गोळी बांधून तिच्याभोवती पहिली पाकळी घट्ट गुंडाळायची. पुढची प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या फटीवर यावी, बरोबर तिच्यावर नको. बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा पेन्सिलीवर गुंडाळून मागे वळवायच्या. खाली दोऱ्याचे चार-पाच वेढे. त्यावर हिरव्या कागदाचा पाच टोकांचा निदल चिकटवायचा आणि देठाला हिरवी पट्टी गुंडाळत आणायची. ही पट्टी मात्र क्रेपच्या घडीच्या टोकापासून एक सेंटीमीटर आडवी कापलेली हवी. तीच लांबीत ताणली जाते आणि तारेला चप्प बसते.

साहित्य गावातच मिळते

देठासाठी महागडी तार मागवायची गरज नाही. बांधकामाला सळई बांधायची बाइंडिंग तार लहान फुलाला चालते, मोठ्याला दुहेरी पिळून घ्यावी. नारळाच्या खराट्याची काडीही चालते, फक्त ती वाकत नाही. चिकटवायला फेव्हिकॉल काडीने, अगदी थोडा. घरची मैद्याची खळ पताकांना चांगली, पण क्रेपला ओली पडते आणि रंग सुटतो. खळ करायचीच तर एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी, मंद आचेवर सतत हलवत घट्ट होईपर्यंत, वर चिमूटभर तुरटी. मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. पोरं हाताळणार असतील तिथे नकोच.

क्रेप घेताना ओल्या बोटाने कोपरा दाबून बघावा. बोट लालभडक झाले तर तो कागद पावसाळ्यात दगा देणार. असली फुले मूर्तीला किंवा गौरीच्या साडीला टेकवू नयेत. दमट हवेत डाग पडतो. विसर्जनाच्या वेळी ही फुले निर्माल्यात घालून कालव्यात, विहिरीत टाकणे चूक. कागद विरघळतो, पण रंग आणि तार पाण्यातच राहते.

आग हा सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. क्रेप आणि पतंगी कागद कापसासारखा पेट घेतो. समई, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून आरास हातभर तरी लांब हवी, आणि पंख्याच्या वाऱ्याने ज्योत कुठे झुकते ते आधी बघावे. तापणाऱ्या जुन्या बल्बच्या माळा कागदातून ओढू नयेत, एलईडीच्या लावाव्यात. मेणात बुडवून फूल टिकाऊ करण्याचे व्हिडिओ आहेत. ते मेण थेट गॅसवर कधीच वितळवू नये, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेण लावलेले फूल तर दिव्याजवळ अजिबात नको.

विकायचे तर काय परवडते?

क्रेपची पूर्ण घडी साधारण ५० सेंटीमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असते. (स्वस्त घडी याहून छोटी निघते, मोजून घ्यावी.) त्यातून ५ बाय ६ चे ४०० तुकडे निघतात. बारा पाकळ्यांच्या हिशोबाने ३३ गुलाब, वाया गेलेले धरून २५ म्हणायला हरकत नाही. म्हणजे कागद स्वस्त पडतो. महाग पडतो तो वेळ.

समजा एका गुलाबाला १५ मिनिटे लागली, फूल १० रुपयांना गेले आणि साहित्याचे ३ रुपये झाले. तासाला चार फुले, हातात २८ रुपये. आता वीस झेंडूंचे तोरण घेऊ. फुलांना ८० मिनिटे, ओवायला २० मिनिटे, साहित्य ३० रुपये, विक्री १२० रुपये. पावणेदोन तासांच्या आत ९० रुपये, म्हणजे तासाला साधारण ५४. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकीने आपल्या गावचा दर घालून बघावा आणि खुरपणीच्या हजेरीशी ताडून बघावा. सुटी फुले विकून पोट भरत नाही, हे मात्र कुठलाही दर घातला तरी निघते. तोरण, पडदा, भाड्याने द्यायची कमान, डोहाळजेवण किंवा बारशाची सजावट यात थोडेफार सुटते. भाड्याचे तर जास्तच, कारण तीच आरास चार ठिकाणी फिरते.

इथेच एक सावधगिरी. ‘घरबसल्या फुले बनवा, माल आम्हीच घेऊ, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे मेसेज फिरत असतात. अगरबत्ती, पेन्सिल पॅकिंगच्या नावाने अनेकांचे पैसे असेच गेले आहेत. काम देणारा कामाआधी पैसे मागत नसतो. किट घ्या, मग माल नापास करतो, हीच त्यांची रीत. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. शिकायचेच असेल तर आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मोफत असते. कोणते वर्ग कधी आहेत ते तिथेच विचारावे. बचत गटातल्या महिलांनी उमेदच्या ताईंकडे प्रदर्शनातल्या स्टॉलची चौकशी करून ठेवावी.

गिऱ्हाईक गौरीच्या आदल्या दिवशी येत नाही, महिनाभर आधी बघून जाते. त्यामुळे श्रावण लागायच्या आत एक तोरण आणि एक छोटा पडदा नमुन्याला तयार हवा, त्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो गावच्या ग्रुपवर टाकायला हवा आणि ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यायला हवी. उरलेली फुले माळ्यावर गोणीत कोंबली की उंदीर आणि कसर दोन्ही लागते. पत्र्याच्या डब्यात, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत, उन्हापासून लांब ठेवली तर दुसऱ्या वर्षी फक्त पाकळ्या पुन्हा ओढून सारख्या कराव्या लागतात.