काळ्या मातीत राख कालवली की झालं?

विदर्भ-मराठवाड्यात रस्ता उखडला की पहिलं बोट डांबराकडे जातं, दुसरं ठेकेदाराकडे. दोन्ही बोटं पुष्कळदा बरोबरही असतात. पण काळ्या मातीवरच्या रस्त्याचं दुखणं अनेकदा खूप खाली असतं. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमचं पृष्ठफळ 800 चौरस मीटरपर्यंत भरतं. पावसाळ्यात पाणी या पापुद्र्यांत शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

अशा मातीवर डांबराचा जाड थर दिला की ती दबून राहील, ही समजूत जुनी आहे. प्रत्यक्षात रस्त्याच्या मधोमध ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि सुकते. साइडपट्टीलगत रस्त्याच्या लांबीने धावणारी भेग दिसली, की दोष थराच्या जाडीत शोधण्यात फारसा अर्थ नसतो.

माती किती फुगणार हे ओळखायची चाचणी गमतीची आहे. दहा-दहा ग्रॅम सुकी, चाळलेली माती दोन नळकांड्यांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींच्या आकारमानातला फरक मोजायचा. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा निम्म्याहून अधिक वाढली असेल, तर सावध व्हायचं.

आता राखेकडे वळू. चंद्रपूर, कोराडी, परळी, दीपनगर अशा औष्णिक वीज केंद्रांतून राखेचे ढीग निघतात आणि ‘ती राख मातीत कालवा, रस्ता पक्का’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. भारतीय कोळशाच्या फ्लाय अ‍ॅशमध्ये सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर, चुना मात्र अगदी थोडा. त्यामुळे ती पाण्याशी एकटी सिमेंटसारखी घट्ट होत नाही. नुसती मिसळली तर चिकणमातीचं प्रमाण घटतं, चिकटपणा काहीसा उतरतो, एवढंच. खरं काम चुना करतो. आधी त्याचं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं आणि काही तासांतच माती भुसभुशीत होते. मग राखेतली सिलिका चुन्याशी संयोग पावून हळूहळू बंध तयार करते. त्याला काही आठवडे लागतात. उसाच्या चिपाडाची किंवा भाताच्या तुसाची राखही याच कारणाने उपयोगी पडते, पण ती नीट जळलेली हवी.

चुना साधारण 3 ते 6 टक्के पुरतो. जास्त घातला तर जास्त मजबुती येते असं नाही. न वापरला गेलेला चुना उलट ताकद कमी करतो.

माती न तपासता चुना घातला तर काय होतं, हे लास व्हेगसच्या स्टुअर्ट अव्हेन्यूने 1970च्या दशकात दाखवलं. तिथल्या मातीत नैसर्गिक सल्फेट होतं. चुना, सल्फेट, मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि पाणी एकत्र येऊन एट्रिंगाइटचे स्फटिक वाढले आणि चुन्याने पक्की केलेली जमीनच काही वर्षांत फुगून वर आली. खत कारखान्यांतला फॉस्फोजिप्सम मुळात कॅल्शियम सल्फेटच असतो. ‘तोही कचराच, टाका मातीत’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं.

प्लास्टिकच्या रस्त्यांची गल्लतही इथेच होते. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो. तो डांबरी थराचा उपाय. खालच्या मातीचं फुगणं त्याने थांबत नाही.

राहिली ‘कचरा फुकट’ ही समजूत. राख फुकट मिळाली तरी वाहतूक, चुना आणि मिसळण्याचं यंत्र फुकट नसतं. काळ्या मातीची ढेकळं बारीक न करता राख पसरली तर ती ढेकळांभोवतीच राहते, आत माती पूर्वीसारखीच. त्यामुळे मुरमाची खाण जवळ असेल, तर आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी मलप्रभा कालव्याच्या कामासाठी वापरलेला मार्ग, म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा मीटरभर थर, स्वस्तही पडू शकतो. राख शेकडो किलोमीटरवरून आणायची असेल, तर हा हिशोब आधी मांडलेला बरा.