बोधी आणि प्रबोधन : काही रूढ समजांची तपासणी

पूर्वेकडे ज्याला ज्ञानप्राप्ती म्हणतात ती अरण्यातील एकांतात डोळे मिटून बसलेल्या एका पुरुषाला एका रात्री होते आणि तिचा जगाच्या व्यवहाराशी पुढे काही संबंध उरत नाही. पश्चिमेकडे ज्याला प्रबोधन म्हणतात ते अठराव्या शतकातील काही नास्तिक पंडितांनी धर्मपीठाविरुद्ध पुकारलेले बंड होय आणि त्यातून थेट लोकशाही जन्माला आली. अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्या पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानमालांत आणि सुशिक्षितांच्या संभाषणांत इतकी मुरलेली आहे, की तिची शहानिशा करण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. अध्यात्म त्यांचे नव्हे आणि राज्यविचार आपला नव्हे, असे मानणाऱ्या अभिमानाला आणि न्यूनगंडालाही ती सारखीच उपयोगी पडते. परंतु दोन्ही बाजूंस जे लिहून ठेवलेले आहे ते मुळातून पाहू गेल्यास ही वाटणी टिकत नाही, आणि महाराष्ट्राच्या गेल्या दोन शतकांच्या विचारेतिहासाशी तर तिचा मुळीच मेळ बसत नाही.

प्रथम बुद्धचरित्रातील सर्वांत लोकप्रिय प्रसंगच घेऊ. राजवाड्याच्या सुखात वाढलेल्या सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिले, त्याचे मन विटले, आणि निद्रिस्त पत्नीपुत्रांना मागे ठेवून तो मध्यरात्री निघून गेला, ही कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तीच त्रिपिटकातील आत्मकथा असावी असे आपण धरून चालतो. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्धाच्या तोंडी जे कथन आहे त्यात यातले काहीही नाही. आपण तरुण होतो, केस काळेभोर होते, आई-वडील अश्रू ढाळीत होते, आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध आपण मुंडन करून, काषाय वस्त्रे धारण करून घर सोडले, इतकेच तेथे सांगितले आहे. चार दृश्यांची कथा दीघ निकायातील महापदान सुत्तात आढळते, परंतु ती विपस्सी नावाच्या एका पूर्वबुद्धाची आहे. गोतमाच्या चरित्रात ती मागाहून गुंफली गेली. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या आणि पाली भाषेच्या ध्यासापायी घरदार सोडून देशोदेशी हिंडलेल्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या आपल्या मराठी ग्रंथात ही तफावत स्पष्टपणे मांडली, आणि सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे असे प्रतिपादन केले, की हाती शस्त्रे घेऊन परस्परांशी झगडणारी माणसे पाहून उपजलेला उद्वेग हे गृहत्यागाचे एक कारण असले पाहिजे. म्हणजे ज्या शोधाला आपण सर्वस्वी खाजगी समजतो, त्याच्या उगमापाशीच कलहाचा, अर्थात समाजाचा, प्रश्न उभा आहे.

बोधिवृक्षाखालच्या रात्रीनंतर काय घडले याविषयीचा समजही असाच अपुरा आहे. ज्ञान झाले, तेज फाकले आणि जग नतमस्तक झाले, असे चित्र आपण मनाशी रंगवतो. परंतु अरियपरियेसन सुत्तातील हकीकत विलक्षण साधी आणि म्हणूनच विश्वसनीय वाटते. आपल्याला उमगलेला कार्यकारणभावाचा सिद्धान्त लोकांना कळणार नाही, सांगून केवळ शीण होईल, असा संकोच बुद्धाच्या मनात आला. ब्रह्मदेवाने विनवणी केल्यावर तो दूर झाला. मग सांगायचे कोणाला? आपले पूर्वीचे गुरू आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांची त्याला आठवण झाली, तो दोघेही निवर्तल्याचे कळले. शेवटी वाराणसीजवळच्या ऋषिपतनात राहणाऱ्या पाच जुन्या सोबत्यांकडे जाण्याचे ठरवून तो निघाला, आणि गयेच्या वाटेवर त्याला उपक नावाचा आजीवक पंथाचा साधू भेटला. तुमची कांती प्रसन्न दिसते, तुमचा गुरू कोण, असे उपकाने विचारले. माझा गुरू कोणी नाही, मी स्वतःच संबुद्ध आहे, असे उत्तर मिळाल्यावर, असेलही बाबा, अशा अर्थाचे काही बोलून, मान हलवून, उपक आडवाटेने चालता झाला. संबुद्ध झाल्यावर वाटेत भेटलेल्या माणसाला ते पटवून देता आले नाही, हा प्रसंग वगळण्याचा मोह संग्राहकांना झाला नाही, ही बौद्ध परंपरेच्या प्रामाणिकपणाची मोठी साक्ष आहे असे मला वाटते. ऋषिपतनातील त्या पाच जणांनीही आरंभी तोंड फिरवण्याचाच बेत केला होता. तेथून पुढे, परंपरेने सांगितल्याप्रमाणे वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ वर्षे, राजे, व्यापारी, गणिका, शेतकरी, न्हावी, झाडूवाले अशा सर्व थरांतील माणसांशी चाललेला संवाद हाच त्या बोधीचा विस्तार होय. ती एकट्याचीच राहिली असेही नाही. पटाचारा, खेमा, किसा गोतमी अशा स्त्रियांच्या मुक्तीचे उद्गार थेरीगाथेत संग्रहित आहेत, आणि रस्ते झाडणारा सुनीत थेरगाथेत सन्मानाने बसलेला आहे. जैन परंपरेतही महावीरांना केवलज्ञान झाले ते बारा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कठोर तपश्चर्येनंतर. क्षणात लाभलेला साक्षात्कार हे वर्णन तेथेही लागू पडत नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाचा एक आधुनिक समज आहे आणि तो बहुधा बुद्धाविषयी आदर असणाऱ्यांकडूनच पसरवला जातो. बुद्ध हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा बुद्धिवादी होता, आणि कालाम सुत्त हा त्याचा मुक्त विचाराचा जाहीरनामा होता, असे ते सांगतात. कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांनी तक्रार केली होती, की येणारा प्रत्येक श्रमण आपले मत श्रेष्ठ आणि इतरांचे खोटे ठरवतो, तर आम्ही कोणावर भरवसा ठेवावा? ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा दाखला, वक्त्याविषयीचा आदर यांपैकी कशाच्याही बळावर मत स्वीकारू नका, असे बुद्धाने त्यांना सांगितले, हे खरे. परंतु त्याच यादीत केवळ तर्क आणि केवळ अनुमान यांचाही समावेश आहे, ही गोष्ट उद्धृत करताना हटकून गाळली जाते. कोणते आचरण लोभ, द्वेष आणि मोह यांतून निघते, कोणते अहितास कारण होते, कोणते सुज्ञांनी निंद्य मानले आहे, हे स्वतः जाणून घ्या, ही त्याची कसोटी होती. ती परंपरेची नव्हे, तशी शुष्क तर्काचीही नव्हे. ती अनुभवलेल्या नीतीची आहे. शिवाय बोधीच्या त्या रात्रीच्या वर्णनात पूर्वजन्मांचे स्मरण आहे, प्राण्यांच्या च्युति-उत्पत्तीचे दिव्य दर्शन आहे; ते बाजूला सारून बुद्धाला अठराव्या शतकातील पॅरिसचा नागरिक करणे म्हणजे त्याचा गौरव नव्हे.

आता युरोपाकडे वळू. प्रबोधन म्हणजे काय, हा सुप्रसिद्ध प्रश्न एखाद्या बंडखोराने विचारला असावा असेच कोणालाही वाटेल. वस्तुतः तो एका पाद्र्याने विचारला, आणि तोही एका लेखाच्या तळटीपेत. विवाहाला धर्मसंस्कार हवाच काय, की दिवाणी नोंद पुरेशी आहे, असा वाद १७८३ साली 'बर्लिनिशे मोनात्सश्रिफ्ट' या मासिकात चालला होता. धर्मविवाहाचा कैवार घेताना योहान फ्रीड्रिख त्स्योलनर या धर्मोपदेशकाने सहज पृच्छा केली, की प्रबोधन प्रबोधन म्हणून जे लोक बोलतात ते नेमके काय, हे सांगण्याची तसदी कोणी घेईल काय? पुढल्या वर्षी दोघांनी ती घेतली. सप्टेंबरात बर्लिनचे यहुदी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांचे उत्तर प्रसिद्ध झाले आणि डिसेंबरात क्योनिग्सबर्गच्या इमॅन्युएल कांटचे. मनुष्याने आपल्याच आळसाने व भीरुतेने पत्करलेल्या अज्ञानपणातून, दुसऱ्याच्या पालकत्वातून, बाहेर पडणे म्हणजे प्रबोधन, हे कांटचे प्रतिपादन सर्वविश्रुत आहे. त्याच निबंधात पुढे जे आहे ते मात्र सहसा कोणी वाचीत नाही.

कारण पुढे कांट सांगतो, की विवेकाचे स्वातंत्र्य माणसाला वाचकवर्गापुढे लेखक म्हणून पूर्णपणे असले पाहिजे, परंतु अंमलदार म्हणून, हुद्द्यावर असताना, ते मर्यादित राहिले तरी चालेल. लष्करी अधिकाऱ्याने हुकूम बजावलाच पाहिजे, रयतेने कर भरलाच पाहिजे, धर्मोपदेशकाने आपल्या पीठाच्या मताप्रमाणे प्रवचन केलेच पाहिजे. मात्र त्याच अधिकाऱ्याने युद्धखात्याच्या चुकांवर, त्याच नागरिकाने करांच्या अन्यायावर आणि त्याच उपदेशकाने धर्ममतातील दोषांवर स्वाक्षरीनिशी लिहावे, त्यांना कोणी अडवू नये. ही मुभा देणारा राजा म्हणून तो प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकची प्रशंसा करतो. तेव्हा प्रबोधन म्हणजेच लोकशाही, हे समीकरण प्रबोधनाच्या सर्वांत प्रसिद्ध लेखातच खोटे ठरते. रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनने १७६५ साली दिदेरोचा ग्रंथसंग्रह विकत घेऊन तो त्याच्याचकडे राहू दिला, १७७३ साली त्याला सन्मानाने आपल्या राजधानीत बोलावून घेतले, आणि तिच्याच कारकीर्दीत भूदासांची अवस्था अधिक बिकट झाली. तत्त्वज्ञ आणि निरंकुश सत्ता यांची सोयरीक त्या शतकात अपवादात्मक नव्हती. फ्रेडरिकच्या सहिष्णुतेलाही मर्यादा होती. मेंडेल्सझोन १७६३ साली बर्लिन अकादमीच्या निबंधस्पर्धेत खुद्द कांटवर मात करून पहिला आला होता, तरी १७७१ साली अकादमीने त्याची सभासद म्हणून निवड केली तेव्हा राजाने तिला मंजुरी दिली नाही.

राजाच्या मर्जीवर उभारलेली मुभा किती काळ टिकते याचा अनुभव कांटला वृद्धापकाळी आला. फ्रेडरिक १७८६ साली वारला. नव्या राजाचा मंत्री व्योलनर याने १७८८ साली धर्मविषयक फर्मान काढून उपदेशकांना रूढ मताच्या चौकटीत डांबले आणि त्यामागोमाग छपाईवर नियंत्रण आणले. १७९३ साली कांटचा केवळ विवेकाच्या मर्यादेतील धर्मावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांच्या त्या अध्यापकाला राजाच्या नावाने कडक ताकीद मिळाली. कांटने आरोप नाकारले, परंतु महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन या नात्याने धर्मावर लेखन वा व्याख्यान न करण्याचे वचन दिले. ते शब्द त्याने हेतुपुरस्सर निवडले होते. १७९७ साली त्या राजाचे निधन होताच, वचन त्याच राजाला दिलेले होते असे मानून तो मोकळा झाला आणि पुढल्या वर्षी त्याने सगळा पत्रव्यवहारच प्रसिद्ध केला.

प्रबोधन निरीश्वर होते या समजाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण पाद्री, यहुदी धर्मनिष्ठ आणि श्रद्धाळू कुळातला तत्त्वज्ञ यांचीच नावे वर आलेली आहेत. महाराष्ट्राशी ज्याच्या लेखनाचा प्रत्यक्ष संबंध आला त्या टॉमस पेनचे उदाहरण मात्र सांगितले पाहिजे. 'राइट्स ऑफ मॅन' लिहिणारा हा लेखक फ्रान्सच्या राष्ट्रीय परिषदेचा सभासद होता; राजाला देहान्त शिक्षा देऊ नये असे मत त्याने दिले आणि पुढे स्वतःच तुरुंगात पडला. त्याच काळात त्याने 'द एज ऑफ रीझन' लिहिले, बायबलवर प्रखर टीका केली, आणि त्याच पुस्तकात एका ईश्वरावरील आपली श्रद्धा आरंभीच नमूद केली. फ्रेंच जनता नास्तिकतेकडे धावत होती, तिला थोपवण्यासाठी आपण लिहिले, असा खुलासाही त्याने पुढे केला. पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले होते. सर्व मानवांना समान हक्क देणारा निर्मिक, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, ही जोतीरावांची भूमिका नास्तिकाची नव्हे. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हे त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नावच त्याची ग्वाही देते. मात्र ते केवळ पेनचे ऋण मानणे अन्यायाचे होईल; गुलामीचा जो अर्थ जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या आयुष्यात पाहिला होता तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकात त्यांना सापडण्यासारखा नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर आपल्या आरंभीच्या वाटणीवर उघडच घाव घातला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी सांगितले, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही. तिचे मूळ राज्यशास्त्रात नसून धर्मात आहे, आणि ती आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईच्या हाताखाली शिकलेल्या पुरुषाचे हे विधान कित्येकांना अतिशयोक्त वाटते. परंतु बाबासाहेब येथे वंशावळ सांगत नव्हते. कायद्याने स्वातंत्र्य आणि समता यांचे रक्षण होईलच असा भरवसा त्यांना नव्हता. ते रक्षण बंधुतेने होते, आणि बंधुता उत्पन्न करणे हे धर्माचे कार्य आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाने ती बोलून दाखवावी याला वजन आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारलेली आहे. तिच्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा येतो. युद्धाचा ठराव शाक्य संघापुढे मांडला जातो. सिद्धार्थ सभासद या नात्याने त्याला विरोध करतो, आणि बहुमत विरुद्ध जाते. कांटच्या निबंधातील अधिकाऱ्याने येथे हुकूम पाळला असता आणि मागाहून मासिकात टीका लिहिली असती. बाबासाहेबांचा सिद्धार्थ संघाचा अधिकार मान्य करतो, तरी लढाईवर जाण्यास साफ नकार देतो. आपल्या आप्तांवर बहिष्कार पडू नये, त्यांची जमीन जप्त होऊ नये, एवढीच त्याची विनंती असते, आणि शिक्षा म्हणून तो स्वतःच परिव्रज्या मागून घेतो.