अंगणातली महिंद्रा

जुनी जीप किंवा जीपची पिकअप विकत घेतलेला माणूस पहिल्यांदा रंगाबद्दल बोलतो. लष्करी हिरवा द्यायचा की वाळूचा, टायर रुंद टाकायचे का, पुढे जाडजूड बंपर शोभेल का, यावर मित्रांचे दोन-तीन रविवार सहज जातात. मग गाडी रंगाऱ्याकडे जाते, झळकत परत येते आणि पहिल्याच उतारावर ब्रेकचं पेडल फळीपर्यंत खाली जातं. घरच्या घरी जुनी गाडी उभी करण्याची हौस महाराष्ट्रात वाढते आहे ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या लेखात मी बोलणार आहे ते महिंद्राच्या जुन्या जीप आणि त्याच घराण्यातल्या पिकअपबद्दल. पुढून जीपचा चेहरा, मागे पत्र्याचा हौदा आणि साखळीवर लोंबणारा फाळका. ऊस, कांदा, द्राक्षाच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड आणि निवडणुकीचे कर्णे या सगळ्यांना हा हौदा पुरला. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या, म्हणजे सीटवारी प्रवासी नेण्याच्या धंद्यात तर जीपमध्ये माणसं किती मावतात याला मर्यादाच नव्हती. आज अशा कितीतरी गाड्या गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या आडोशाला उभ्या आहेत. त्यांना अजून चालवता येईल अशी त्यांची घडण आहे, आणि इथूनच मोह सुरू होतो.

या गाडीचा वंश पाहिल्याशिवाय तिची दुरुस्ती कळत नाही. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. १९४७ मध्ये कंपनीने जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीकडून पंच्याहत्तर जीप सुट्या भागांत मागवल्या. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्रा' आला. सुट्या भागांची जोडणी माझगावला होत असे.

आपल्याकडे सर्वांत जास्त रुळली ती सीजे थ्री बी. अमेरिकेत ही १९५३ मध्ये आली आणि १९६८ मध्ये थांबली. आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिले. तिचं बॉनेट उंच आहे ते देखणेपणासाठी नव्हे. आतल्या पेट्रोल इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी रचना होती. त्यामुळे जुन्या इंजिनापेक्षा ते उंच झालं, आणि त्याला जागा करायला बॉनेट वर उचलावं लागलं. जुन्या कित्येक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असे आणि ओव्हरटेक करणाऱ्याला सावध करायला मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं ठळक लिहिलेलं असे.

२१९९ सीसीचं ते इंजिन दणकट होतं, पण पेट्रोल पिणारं. इंधन महाग झालं तसं लोकांनी त्याला हात घातला. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना सुरू केला होता, आणि पुढे त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. मग फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला, इगतपुरीच्या कारखान्यात २११२ सीसीचं डिझेल इंजिन बनू लागलं आणि ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० या जीपला ते बसलं. कंपनी हे कारखान्यात करत होती, तर गावोगावचे मिस्त्री तेच अंगणात करत होते. पेट्रोल जीप यायची, इंजिन उतरायचं, कुठल्यातरी अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजिन चढायचं, नवे माउंटिंग वेल्डिंग करून लावले जायचे. एनसी ६४० सारख्या पिकअपचे हौदे कापून लांब झाले, जीपचे टप उडाले, पिकअपच्या मागे बाक बसले.

म्हणजे 'मूळ अवस्थेतली' जुनी महिंद्रा शोधणं हे बहुधा मृगजळ आहे. ती टिकली ती बदलत राहिल्यामुळे. परदेशात जुनी गाडी पूर्ववत करणारे लोक कारखान्यातल्या बोल्टाच्या डोक्यावरची खूणसुद्धा जपतात. आपल्याकडे तो हट्ट धरला तर गाडी कधीच उभी राहणार नाही. घरी काम करणाऱ्याने आधी ठरवावं: शोभेची गाडी हवी की चालती? मी चालतीच्या बाजूचा आहे, आणि चालती गाडी म्हणजे थांबणारी आणि सरळ जाणारी गाडी.

म्हणून काम ब्रेकपासून सुरू करावं. जुन्या जीपांत मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असतो, चिखल-पाण्याच्या वाटेत. शिवाय ब्रेकची लाइन एकच. चार चाकांपैकी एकाचा व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. आजच्या गाडीत दोन वेगळ्या लाइन असतात, तसा आधार इथे नाही. त्यामुळे एकाच चाकाचं रबर बदलून भागवू नये. चारही सिलिंडरची रबरं, सगळे होज पाइप आणि तेल एकदमच बदलावं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं तेल काळपट झालेलं असतं आणि पाइप आतून गंजलेला. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसावं आणि ते फडकं फेकून द्यावं.

याच्याच जोडीला एक गोष्ट नवख्याला माहीत असायलाच हवी. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असलेल्या लहान ड्रमला धरतो. गाडी चारही पायांवर असेपर्यंत ठीक. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. गिअरमध्ये टाकून ठेवली तरी तेच. तेव्हा जॅक लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि खाली शिरण्याआधी चासीखाली पक्क्या घोड्या. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून कुणी खाली शिरत असेल तर त्याला पाय धरून बाहेर ओढा. भांडण झालं तरी चालेल.

स्टिअरिंगबद्दल जीपवाल्यांची तक्रार ठरलेली असते: गाडी 'हात मारते', रस्ता धरत नाही. बरेच जण यासाठी स्टिअरिंग बॉक्स खोलतात. त्याआधी पुढच्या क्रॉसमेंबरवरचं बेल क्रँक बघावं. स्टिअरिंगची ओढ आधी या आडव्या भागाला मिळते आणि तिथून दोन टायरॉड चाकांकडे जातात. त्याची पिन आणि बुश झिजलं की बॉक्स नवा टाकून काही उपयोग नाही. त्यानंतर किंग पिनची बेअरिंग आणि शेवटी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) बुशं. एक माणूस स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवतो आणि दुसरा खाली बसून कुठला सांधा आधी हलतो ते बघतो. या तपासणीला पैसा लागत नाही.

आता चासी. इथे हातोडी घेऊन पाठीवर झोपावं लागतं. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. पाट्यांच्या हँगरजवळ, मागच्या क्रॉसमेंबरला आणि हौद्याच्या बोल्टांखाली माती अडकून ओल राहते, तिथे आधी बघावं. कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेने काय केलं असेल याची कल्पना करा आणि तिच्या दुप्पट धरा. वरचा पत्रा मात्र या गाडीचा सोपा. सपाट पत्रे, साध्या घड्या, त्यामुळे गावातला वेल्डरही नवा हौदा बांधून देतो. अडचण वेगळीच आहे. डेंटिंगवाला गंजलेल्या भोकावर जाळी चिकटवून वर लांबी भरतो, आणि ती इतकी गुळगुळीत घासतो की डोळ्याला कळत नाही. घेताना चुंबक जवळ ठेवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबीच आहे. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या तारा काढा, आणि पेट्रोल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते हे विसरू नका. टाकी बाहेर काढून लांब न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ असते.

इंजिनावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मी कमी बोलतो. डिझेल असेल तर धुराचा रंग बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. पंप आणि नोझल घरी उघडू नयेत. ते कॅलिब्रेशनच्या दुकानातच द्यावेत. बाकी टॅपेट, हीटर प्लग, फिल्टर, एअर काढणं हे सगळं अंगणात होतं.

सुटे भाग मिळतात, आणि या गाडीचं खरं बळ तेच आहे. पुण्याची नाना पेठ, मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ला, शिवाय कोल्हापूरच्या उद्यमनगरात जे मिळत नाही ते लेथवर करून देणारे लोक. हरियाणातलं मंडी डबवाली तर जुन्या चासीवर नवी जीप बांधण्याबद्दल देशभर प्रसिद्ध आहे. फक्त पान्यांचे दोन संच ठेवा. विलीजच्या वंशाची चासी इंचातली आणि प्यूजोचं इंजिन मिलिमीटरमधलं. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो, पण सैल. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीच हातात घ्यावी लागते.

इथपर्यंत मिस्त्रीचं राज्य. यापुढे आरटीओचं. आणि खरी ओढाताण इथे आहे. बदलत राहिल्यामुळे जी गाडी टिकली, तिच्याकडे कायदा आता 'तू मूळचीच आहेस ना' असं विचारतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन, आणि त्याचा नंबर आरसीवर चढवून. पूर्वीच्या मालकाने हे केलं नसेल तर ते ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप आठ वर्षांपलीकडे गेली की तिला दरवर्षी फिटनेस लागतं. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आपल्याकडच्या बहुतेक जीप या चाळणीतून गळतील. मला हा नियम शहरातल्या दालनांत ठेवलेल्या गाड्यांसाठी केलेला वाटतो. बाजाराच्या दिवशी भाजी नेणाऱ्या जुन्या पिकअपचा त्यात विचार नाही, आणि तो व्हायला हवा. ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर चाचणीत उतरलेल्या जुन्या इंजिनबदलाला एकदाच नियमित करून घेण्याची वाट सरकारने मोकळी करावी.

तोवर एवढंच करा. पैसे देण्याआधी आणि ग्राइंडर लावण्याआधी चासीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवा, पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबराचंही तेच. जुळत नसेल तर गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असली तरी.