‘कायदेशीर आहे, मग घाबरायचं कशाला?’

अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस किंवा ह्यूस्टनला मुलांकडे सहा महिने राहून आलेली मंडळी परतली की एक किस्सा हमखास सांगतात. दुकानात दुधाच्या रांगेत पुढचा माणूस उभा, आणि त्याच्या कमरेला चक्क पिस्तूल! पाठोपाठ तिथूनच उचललेलं शहाणपणही येतं : ‘‘अहो, चालतं तिथे कायद्यानं. वाईट माणूस बंदूक लपवतो, उघड लावणारा सज्जनच असतो. आपणच उगाच घाबरतो.’’

हे शेवटचं वाक्य आता पुरे झालं.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ३१ ऑक्टोबर २०१५. रायफल घेऊन फिरणारा माणूस पाहून एका बाईनं ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. या राज्यात उघड शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे, असं तिला सांगण्यात आलं. थोड्याच वेळात त्या माणसानं तिघांना ठार केलं. गोळी सुटेपर्यंत तो कायद्याच्या दृष्टीनं ‘सज्जन’च होता.

आता उलटं उदाहरण. ७ जुलै २०१६ ला डॅलसच्या मोर्चात काही जण खांद्याला रायफली अडकवून चालत होते. गोळीबार झाला, पाच पोलीस मेले. त्या गोंधळात पोलिसांनी रायफलवाल्या एका मोर्चेकऱ्याचा फोटो संशयित म्हणून जाहीर केला. तो पूर्ण निर्दोष निघाला. ज्यांचा धंदाच शस्त्रांचा, त्या पोलिसांना त्या रात्री कोण कोणता हे ओळखता आलं नाही. आणि नातवाचं बोट धरून उभ्या असलेल्या आजीनं ते पिस्तुलाच्या पट्ट्यावरून ओळखावं? कायदा बाळगणाऱ्याला हक्क देतो, बघणाऱ्याला त्याच्या मनाची हमी देत नाही. तेव्हा भीती वाटणं हा अडाणीपणा नव्हे.

खुद्द टेक्सासचा कायदाही ही भीती जमेस धरतो. लोक धास्तावतील अशा रीतीनं मुद्दाम सार्वजनिक जागी शस्त्र दाखवणं तिथे गुन्हा आहे. मिसुरी राज्यात तर ऑगस्ट २०१९ मध्ये, टेक्सासमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमधल्या हत्याकांडाला पाच दिवस होत नाहीत तोच, एक जण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन दुसऱ्या वॉलमार्टमध्ये शिरला. म्हणे, आपला हक्क मानला जातो का ते पाहायचं होतं! दुकान रिकामं झालं आणि त्याच्यावर दहशत पसरवणारी धमकी दिल्याचा आरोप लागला. उघड शस्त्राला त्या राज्यात बंदी नव्हती, तरीही.

बंदूकवाल्यांची बाजू घेणाऱ्या एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) या संघटनेनंही २०१४ मध्ये, टेक्सासच्या हॉटेलांत रायफली घेऊन जाणाऱ्यांचं वागणं विचित्र असल्याचं लिहिलं होतं. गहजब झाल्यावर ते मागे घेतलं, ही गोष्ट वेगळी.

‘दुकानदाराला नाही म्हणता येत नाही’ हाही असाच एक भ्रम. येतं. टेक्सासात दारावर ‘३०.०७’ कलमाची पाटी लावली की परवानाधारकाला उघड पिस्तूल आत नेता येत नाही. ही पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, निदान इंचभर उंचीच्या अक्षरांत लागते. स्टारबक्सनं मात्र २०१३ मध्ये गिऱ्हाइकांना बंदुका न आणण्याची, आणि एल पासोनंतर वॉलमार्टनं त्या उघड न बाळगण्याची नुसती विनंती केली.

‘घटनेनंच हक्क दिलाय, मग कुठेही नेता येते’ : नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या २००८ च्या हेलर खटल्यात बंदूकधाऱ्याच्या बाजूनं निकाल देतानाच न्या. स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नाही असं लिहिलं; शाळा आणि सरकारी इमारतींतल्या बंदीला धक्का लावला नाही.

‘ही काउबॉयच्या काळापासूनची प्रथा’ : टेक्सासात उघड पिस्तुलाला १८७१ पासून बंदी होती. परवानाधारकांसाठी ती उठली १ जानेवारी २०१६ ला, आणि परवान्याची अट गेली सप्टेंबर २०२१ मध्ये.

‘आपल्याकडेही परवाना असला की मिरवता येतं’ : मुळीच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र परजायला मनाई आहे, आणि वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा पुढच्या खेपेला तिकडे गेलात आणि रांगेत असा माणूस दिसला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, पण स्वतःला भित्रंही ठरवू नका. मुलांना घेऊन दुसऱ्या रांगेत जा, मॅनेजरच्या कानावर घाला. पिस्तूल हातात आलेलं दिसलं तर बाहेर पडा आणि ९११ लावा.