मार्क्सचे रसायनशास्त्रज्ञ स्नेही

एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्वत्तेचा इतिहास लिहिताना रसायनशास्त्राचे दप्तर एकीकडे आणि राज्यविचाराचे दुसरीकडे ठेवण्याचा परिपाठ पडून गेला आहे, आणि या वाटणीत ज्यांच्यावर सर्वांत अधिक अन्याय झाला ते गृहस्थ म्हणजे कार्ल शोर्लेमर.

१८३४ साली डार्मस्टाट येथे एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. औषधे बनविण्याच्या धंद्यात उमेदवारी करीत असता हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांची व्याख्याने कानी पडली आणि तो पेशा सुटला. १८५९ साली गीसेन येथे अल्पकाळ अध्ययन करून ते प्रोफेसर रॉस्को यांचे खाजगी साहाय्यक म्हणून मँचेस्टरला आले आणि उरलेली हयात त्यांनी तेथेच घालविली. १८७४ साली ओवेन्स कॉलेजात ते सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंग्लंडात त्या विषयाचे हे पहिलेच अध्यासन होते.

त्यांचे खरे कर्तृत्व कोळशाच्या डांबरातून आणि खनिज तेलातून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांविषयी आहे. कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे सहा अणू असलेला वायू दोन भिन्न रीतींनी तयार करता येई, आणि त्या दोन रीतींनी मिळणारे पदार्थही भिन्नच असले पाहिजेत, असे त्या काळचे पुष्कळ रसायनवेत्ते मानीत. शोर्लेमर यांनी १८६४ साली दोहोंवर क्लोरीनची क्रिया घडवून पाहिली, तो दोन्हींपासून एकच संयुग हाती आले. पदार्थ एकच होता, ज्याला आज आपण इथेन म्हणतो. कार्बनचे चारही बंध समान मोलाचे आहेत या सिद्धांताला या प्रयोगाने जो भक्कम आधार मिळाला, त्यावर पुढील सेंद्रिय रसायनाची फार मोठी इमारत उभी आहे. हे काम जोखमीचेही होते. स्फोटांच्या खुणा चेहऱ्यावर घेऊनच ते पुष्कळदा आपले मित्र, समाजवादी विचारवंत एंगल्स यांच्या घरी येत.

एंगल्स तेव्हा मँचेस्टरच्या एका सुताच्या पेढीत काम करीत. त्यांच्याद्वारे मार्क्स यांच्याशी स्नेह जुळला आणि शोर्लेमर निष्ठावंत समाजवादी म्हणून अखेरपर्यंत राहिले. या मैत्रीचा लाभ एकतर्फी नव्हता. पिके जमिनीतील पोटॅश, फॉस्फेट आदी द्रव्ये शोषून घेतात, ती धान्यारूपाने शहरांत जातात आणि परत शेतात येत नाहीत, हा रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा सिद्धांत मार्क्स यांनी मोठ्या आस्थेने अभ्यासिला होता. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ या ग्रंथात त्यांनी लीबिग यांचे ऋण उघडपणे मान्य केले, आणि शेतीच्या रसायनात त्यानंतर नवे काय निघाले याची विचारणा एंगल्स यांच्यामार्फत शोर्लेमर यांच्याकडे केली. भूमीच्या शोषणाविषयीचे मार्क्स यांचे चिंतन रसायनशास्त्राच्या आधारावाचून इतके सखोल झाले असते, असे मला वाटत नाही.

या सहकार्याचा सर्वांत सुंदर दाखला एका पत्रात आहे. ३० मे १८७३ रोजी एंगल्स यांनी निसर्गातील द्वंद्वात्मक गतीविषयीची आपली कल्पना मार्क्स यांना लिहून कळविली. मार्क्स त्या वेळी मँचेस्टरला होते. त्यांनी ते पत्र शोर्लेमर यांना दाखविले. शोर्लेमर यांनी समासात ठिकठिकाणी आपली संमती नोंदविली. आणि सजीवांच्या बाबतीत तूर्त या सिद्धांतात शिरत नाही असे जेथे एंगल्स यांनी म्हटले होते, तेथे मीही शिरत नाही, असा शेरा मारून खाली आपली आद्याक्षरे घातली.